काढून ठेवलेल्या हीटरची ऊब

या ग्रुपवरचे अनुभव मी चार-पाच वर्षं वाचते आहे. लिहिते मात्र आज पहिल्यांदाच. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर वाचत होते तेही बहुतेक वेळा करमणूक म्हणून. कुणाला बांधावर कोणीतरी दिसलं, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजली… मी शेवटपर्यंत वाचायचे आणि मनातल्या मनात कारण शोधून मोकळी व्हायचे. उंदीर, वारा, नाहीतर ताप. माझा धंदाच तसा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये मी सतरा वर्षं मोटार मेकॅनिकच्या ट्रेडला शिकवते. गाडी उगाच काही करत नाही, आपल्याला कारण सापडलेलं नसतं इतकंच — हे वाक्य मी दर वर्षी नव्या बॅचला ऐकवते. त्यामुळे आता जे सांगणार आहे ते वाचून कुणी हसलं तर मला राग येणार नाही. मीही हसले असते.

गोष्ट गेल्या जानेवारीतली. संक्रांतीच्या आधीचा रविवार.

धुळ्यात देवपूरला, पांझरेच्या पलीकडे, माझं सासर आहे. तीन खोल्या, पुढे ओटा, डाव्या अंगाला पत्र्याचं शेड, आणि शेडमध्ये आबांची जुनी पांढरी गाडी. आबा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी ती सेकंडहँड घेतली होती. त्या जानेवारीच्या आधीच्या श्रावणात ते गेले. सकाळी फिरून आले, ओट्यावर बसले, चहा मागितला आणि चहा येईपर्यंत संपलं होतं. घरात राहिल्या एकट्या अक्का, माझ्या सासूबाई. मी आणि नितीन, म्हणजे माझा नवरा, जळगावला. नितीनचं म्हणणं एकच होतं की अक्कांनी जळगावला यावं. अक्कांचं उत्तरही एकच — हे घर सोडून मी कुठे जाऊ. मग आम्ही पंधरा दिवसांतून एकदा पारोळ्यावरून धुळ्याला यायचो, किराणा भरायचो, गोळ्या मोजून डबीत ठेवायचो आणि रविवारी संध्याकाळी परत निघायचो.

अक्कांना शुगर आहे, जुनी. त्यामुळे दोन्ही पाय जवळजवळ बधिर. जमिनीवर पाणी सांडलेलं असलं तर त्यांना ओलं कळत नाही, मोजा ओला झाला की डोळ्यांनी बघून कळतं. हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे आपल्याला माहीत आहे असं आम्हाला वाटत होतं.

आता गाडीचं. आबा आणि अक्का दर चतुर्थीला त्या गाडीतून एरंडोलजवळच्या पद्मालयाला जायचे. पुढे बसलं की समोरचे ट्रक अंगावर येतात असं अक्कांना वाटायचं, म्हणून त्या कायम मागच्या सीटवर, डावीकडे. पुढे आबा एकटेच. कॉलनीत सगळे आबांना अक्कांचा ड्रायव्हर म्हणून चिडवायचे आणि आबा ते मान हलवून कबूल करायचे. हिवाळ्यात पहाटे निघायचं म्हणून आबा हीटर लावायचे. त्या गाडीत पुढच्या सीटच्या खालून एक प्लास्टिकची नळी मागे जाते, तिच्यातून मागच्या माणसाच्या पायाशी गरम हवा येते.

आबा जायच्या आधीच तो हीटर गळायला लागला होता. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. डॅशबोर्डच्या मागे वहीच्या आकाराची एक जाळी असते, छोटा रेडिएटरच म्हणा. इंजिनातलं गरम पाणी दोन नळ्यांनी तिच्यात येतं, पंखा तिच्यावर हवा मारतो आणि ती हवा गरम होऊन आत येते. पुस्तकात तिला हीटर कोअर म्हणतात, आपल्याकडे मेकॅनिक हीटरची कॉइल म्हणतात. ती फुटली की पायाखालचा गालिचा ओला होतो, काचेवर आतून चिकट धुकं धरतं आणि गाडीभर गोडसर वास सुटतो. आपल्याकडे याचा इलाज ठरलेला आहे. त्या दोन नळ्या इंजिनच्या बाजूनेच एकमेकींना जोडून टाकायच्या, कॉइलकडे पाणी जायलाच नको. खान्देशात हीटर लागतो कुणाला?

दिवाळीत मी अक्कांना हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आतल्या खोलीत गेल्या आणि कपाटावरून एक खोका घेऊन आल्या. आत नवी कोरी कॉइल. आबांनी आषाढातच मागवून ठेवली होती. थंडी पडायच्या आत बसवतो असं त्यांना म्हणाले होते.

अक्कांनी खोका माझ्या हातात दिला. बसवायचं ठरलं.

काम तसं वैतागाचं आहे. कॉइल बदलायला दहा मिनिटं लागतात, पण तिच्यापर्यंत पोचायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मी दोन दिवसांची रजा रविवारला जोडून घेतली, शुक्रवारी संध्याकाळी एकटीच एसटीने धुळ्याला आले. नितीनला सुट्टी नव्हती, तो रविवारी संध्याकाळी येणार होता. शनिवारी सकाळी बॅटरीची तार काढली, इंजिनातलं पाणी, म्हणजे कूलंट, खाली बादलीत सोडलं, स्टिअरिंग उतरवलं आणि कामाला लागले. एसीचा गॅस त्या गाडीत कित्येक वर्षं नव्हताच, त्यामुळे ती एक कटकट वाचली. स्क्रू हरवू नयेत म्हणून अक्कांनी मला स्टीलच्या वाट्या आणून दिल्या. दर टप्प्याला एक वाटी. शनिवारी संध्याकाळपर्यंत डॅशबोर्ड शेडच्या भिंतीला टेकलेला होता, गिअरभोवतीचा मधला कन्सोल बाहेर होता आणि गाडीत पुढे नुसत्या वायरी लोंबत होत्या.

रविवारी सकाळी हीटरचा सगळा डबाच बाहेर काढला. डबा म्हणजे त्यात पंखाही आला, कॉइलही आली, हवा इकडे-तिकडे वळवणाऱ्या झडपाही. तो दोन्ही हातांनी उचलून मी ओट्यावर जुन्या चादरीवर ठेवला. हे मी मुद्दाम नीट लिहिते आहे. गाडी शेडमध्ये, आणि डबा बारा-पंधरा पावलांवर ओट्यावर. बॅटरीची तार शनिवारी सकाळपासून सुटी. इंजिन निदान शुक्रवारपासून बंद. शेड घराच्या उत्तरेला आहे, थंडीच्या दिवसांत तिथे ऊन येत नाही. मी स्वेटर घालून काम करत होते.

जेवण झाल्यावर अक्का शेडमध्ये आल्या. एका हातात मेथीची जुडी, एका हातात परात. गाडीचं मागचं डावं दार उघडून आपल्या जागेवर बसल्या आणि मेथी निवडायला लागल्या. आबा गेल्यापासून दुपारी थोडा वेळ त्या गाडीत जाऊन बसतात हे मला शेजारच्यांकडून कळलं होतं. म्हणून त्या दिवशी मी त्यांना तिथे थंडीत नका बसू वगैरे एकदाच म्हटलं आणि सोडून दिलं. अंगावर शाल होती, पायात लोकरीचे मोजे होते. त्या बोलत होत्या, मी ओट्यावर बसून डब्याचे स्क्रू काढत होते. कॉलनीतल्या कुणाच्या तरी लग्नाचं बोलत होत्या बहुतेक.

साडेतीन-पावणेचार झाले असतील. मी जुनी कॉइल डब्यातून ओढून काढली. एका कोपऱ्यात हिरवट पांढरे क्षार धरले होते, गळती तिथेच. मी ती उजेडाकडे धरून बघत होते.

शेडमधून अक्का म्हणाल्या, "वर्षा, बंद कर वं आते. पायले बठ्ठं गरम व्हयी गयं."

मला आधी कळलंच नाही त्या काय बंद करायला सांगताहेत. मग लक्षात आलं, त्यांना वाटतंय मी हीटर लावून बघते आहे. मी तिथूनच सांगितलं की अक्का, हीटर इथे माझ्या मांडीवर आहे, गाडीत काही नाही. मग ही हवा कुठून येते, असं त्यांनी विचारलं. रागाने नाही, नवल म्हणूनही नाही. दुधाचा वास कुठून येतो असं विचारावं तसं.

शुगरने बधिर झालेल्या पायांना कधी कधी उगाच आग होते, मुंग्या येतात, हे मी वाचलेलं होतं. तेच असणार. मी हो हो म्हटलं आणि नव्या कॉइलचा खोका उघडायला लागले. दोनेक मिनिटांनी बघते तर अक्कांनी परात बाजूला सरकवली होती आणि वाकून डाव्या पायातला मोजा काढत होत्या. थंडीत मोजा कशाला काढता म्हणत मी उठले. त्यांना वाकणं जमत नाही, पडल्या-बिडल्या तर काय, हीच भीती होती.

दाराशी जाऊन मी खाली उकिडवी बसले, मोजा परत चढवायला. आणि माझा हात त्या नळीच्या तोंडासमोर आला.

गरम हवा येत होती.

झुळूक नव्हे. पंखा दोनवर ठेवला की कशी येते तशी, एकसारखी, न थांबता. वीस-पंचवीस किलोमीटर गाडी चालवल्यावर हीटर जसा तापतो तेवढी गरम. माझे हात कूलंटने आणि थंडीने गारठले होते, त्यामुळे बोटं एकदम सैल झाली. आवाज मात्र काहीच नव्हता.

मी घाबरले का? त्या क्षणी नाही. त्या क्षणी मी शिक्षिका होते. कारण असणारच म्हणून मी पुढच्या सीटच्या बाजूने आत वाकले. कन्सोल काढलेला असल्यामुळे त्या नळीचं पुढचं तोंड उघडं पडलं होतं. ते डब्याला जोडलेलं असतं, आणि डबा तर ओट्यावर. नुसतं उघडं भोक होतं, हात जाईल एवढं. मी तिथे तळवा धरला. काहीच नाही. हवा आतही जात नव्हती, बाहेरही येत नव्हती. प्लास्टिक गार. एका टोकाला काही शिरत नाही आणि दुसऱ्या टोकातून गरम वारा येतो आहे… मी पुन्हा मागे हात लावला. येत होता.

तेवढ्यात फाटक वाजलं. रफिक चाचा. त्यांचं आग्रा रोडकडे रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. आबांचे जुने दोस्त. नळ्या आवळायच्या नव्या क्लिपा मी सकाळी फोन करून मागवल्या होत्या, त्या घेऊन ते स्वतः आले होते. मी त्यांना काही सांगितलं नाही. इथे जरा हात धरा, एवढंच म्हटलं.

चाचा गुडघ्यावर हात ठेवून हळूच वाकले आणि नळीसमोर हात धरला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "गाडी आत्ता बंद केलीस का बेटा?"

मी म्हटलं, "चाचा, पुढे बघा."

त्यांनी पुढे बघितलं. लोंबणाऱ्या वायरी बघितल्या, स्टिअरिंग नसलेली जागा बघितली, मग मान वळवून ओट्यावरचा डबा बघितला. हात काढला नाही त्यांनी. तसाच धरून राहिले. आणि मग ती हवा हळूहळू कमी होत गेली. इंजिन बंद केल्यावर पंखा मंदावतो तशी. चाचांनी हात काढून तळव्याकडे बघितलं आणि शर्टाला पुसला, जणू ओला झाला होता.

हे सगळं मिळून पाचेक मिनिटं असेल.

आणि मग मला वास आला. कूलंटचा गोड वास मला पाठ आहे, तो हा नव्हता. मी खाली बघितलं. अक्कांचा मोजा माझ्या हातात होता आणि त्याचा तळ कडक झालेला, काळपट. मी त्यांचा पाय उचलून मांडीवर घेतला. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या बुडाशी, खालच्या बाजूने, जखम होती. रुपयाएवढी. कडा काळ्या पडलेल्या. बोट सुजून निळसर झालं होतं. मी तिथे बोट लावलं, दाबलं, आणि अक्का माझ्याकडे शांतपणे बघत होत्या. त्यांना काहीही कळत नव्हतं.

त्यांना विचारलं, हे कधीपासून? त्या म्हणाल्या, काय कधीपासून?

त्यानंतर मी घाबरले. गाडीचे तुकडे झालेले, रविवारची दुपार. चाचांनी सूत्रं हातात घेतली. मुलाला फोन करून व्हॅन मागवली, अक्कांना धरून बसवलं आणि ओळखीच्या एका सर्जन बाईंना फोन करून त्यांच्या दवाखान्यात न्यायला लावलं. मी नितीनला फोन केला तर तो पारोळ्याजवळ होता, सरळ दवाखान्यातच आला.

डॉक्टरीण बाईंनी पाय बघितला. चप्पल मागवली. घरात घालायच्या रबरी चपलेतून एक बारीक खिळा वर आला होता. तेच टोचत राहिलं असणार, आठ-दहा दिवस तरी. मग बाईंनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून सांगितलं की संसर्ग हाडापर्यंत पोचला आहे, बोट वाचणार नाही, पाय वाचवू. आणि पुढच्या फेरीपर्यंत हे कुणी बघितलं नसतं तर पायाबद्दलही त्या असं बोलू शकल्या नसत्या. पुढच्या फेरीपर्यंत, म्हणजे आमच्या पंधरा दिवसांपर्यंत. नितीन भिंतीला टेकून खाली बसला. दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, तसाच, बॅग पाठीवर.

आत परत गेल्यावर बाईंनी अक्कांना विचारलं, तुमचे पाय रोज कोण बघतं? अशा माणसाचे तळपाय रोज बघायचे असतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?

अक्का म्हणाल्या, "सांगेल शे ना. पहिले हे देखेत रोज. आते कोन्ही नही."

नितीनने माझ्याकडे बघितलं. आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं.

नंतर, बोट काढल्यावर, दवाखान्यातल्या त्या चार-पाच दिवसांत अक्कांनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. पाय बधिर झाल्याचं पहिल्यांदा कळलं तेव्हा डॉक्टरने आबांनाही सोबत बोलावून सगळं समजावलं होतं. त्या दिवसापासून आबा रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की खोलीचं दार लोटून घ्यायचे, चष्मा लावायचे, टॉर्च घ्यायचे आणि अक्कांचा एकेक पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत बघायचे. अक्कांना लाज वाटायची, नवऱ्याने पायाला हात लावायचा म्हणजे काय. म्हणून दार लोटलेलं. म्हणून कुणाला सांगायचं नाही असं ठरलेलं. चपला उलट्या करून आत हात फिरवणं हेही आबांचंच काम. अकरा वर्षं, एकही दिवस न चुकता. आबा गेले तेव्हा आम्ही पेन्शनचे कागद बघितले, गॅसचं पुस्तक नावावर केलं, गोळ्यांचा तक्ता भिंतीला लावला. पाय बघायचे असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण ते काम घरात कुणी करत होतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

अक्का स्वतः का बोलल्या नाहीत, हेही मी विचारलं. कुणाला सांगू, म्हणाल्या. मुलाला सांगू, माझे पाय बघ म्हणून?

आता कारणांकडे येते. कारण मी ती शोधल्याशिवाय राहिले नाही.

अक्का दवाखान्यातून जळगावला आमच्या घरी आल्यावर पुढच्या शनिवार-रविवारी मी परत धुळ्याला जाऊन काम पूर्ण केलं. त्याआधी अर्धा दिवस फक्त त्या नळीपाशी घालवला. गालिचा उचलून ती पूर्ण बाहेर काढली, एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकाचा उजेड बघितला. सरळ, मोकळी, कुठे फट नाही, कुठे दुसरा रस्ता नाही. गाडीखालून जाणारा सायलेन्सरचा पाइप तिच्या जवळून जातो, पण तो दोन दिवस थंड पडलेला होता. शेजाऱ्यांचा बंब, चूल, काहीच त्या बाजूला नाही. पत्र्यावर ऊन पडून गरम हवा खाली दाबली गेली असेल का, असंही मनात आलं. पण गरम हवा वर जाते, हे मी मुलांना शिकवते. आणि शेडमधला पत्रा त्या दिवशी हाताला गारच होता. आयटीआयमधल्या माझ्या एका सहकाऱ्याला, गाडी कुणाची ते न सांगता, प्रश्न म्हणून विचारलं. तो म्हणाला, मॅडम, हाताला भास झाला असेल, गारठलेल्या हाताला कोमटही गरम वाटतं. हे खरं आहे. मी स्वतः दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण हवा तर हलत होती ना? आणि चाचांचे हात काही गारठलेले नव्हते, ते खिशात हात घालून आले होते.

चाचांशी मी नंतर एकदाच या विषयावर बोलले. त्यांनी पन्नास वर्षं रेडिएटर उकळताना बघितलेत. ते म्हणाले, गरम लागलं हे नक्की, गाडीत गरम करणारं काही नव्हतं हेही नक्की, आता या दोन गोष्टींच्या मध्ये काय आहे ते मला विचारू नकोस.

नवी कॉइल छान बसली. हीटर उत्तम चालतो. पण डॉक्टरीण बाईंनी बजावून सांगितलं होतं की बधिर पायांवर गरम हवा, गरम पाण्याची पिशवी, काहीही चालणार नाही, भाजलं तरी यांना कळणार नाही. म्हणून डॅशबोर्ड परत चढवायच्या आधी मी मागच्या पायाशी जाणारी ती नळी फोम भरून, टेप लावून माझ्या हातांनी बंद केली. ते करताना मला फार वाईट वाटलं. का, ते नीट सांगता येणार नाही. गाडी त्यानंतर बरीच चालली, पुन्हा तसलं काही झालं नाही.

अक्का होळीपर्यंत जळगावला आमच्याकडे राहिल्या. पहिल्या संध्याकाळी नितीन टॉर्च घेऊन त्यांच्या पायाशी बसला, तेव्हा त्यांनी पाय एकदम आत ओढून घेतले. नितीन तसाच बसून राहिला. टीव्हीवरच्या बातम्या सुरू होऊन संपल्या. मग अक्कांनी स्वतःच उजवा पाय पुढे केला. आता त्या परत धुळ्याला आहेत, घर सोडायला तयार नाहीत ते नाहीतच. चाचांची बायको रोज संध्याकाळी येऊन पाय बघून जाते आणि नितीनला फोन करते. शनिवार-रविवार आम्ही जातो. दर आठवड्याला, पंधरा दिवसांनी नाही.

इथे कुणी गाड्यांमधलं जाणकार असेल आणि माझं काही चुकलं असेल, तर जरूर सांगा. मी खरंच ऐकेन. वर्ष होत आलं, मी अजून शोधतेच आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलं असणार, मला माहीत आहे. मीही मनातून ठरवलं होतं. म्हणून मागच्या महिन्यात एका रविवारी, ओट्यावर त्यांचे पाय बघताना, मी अक्कांना शेवटी विचारलंच. म्हटलं, अक्का, त्या दिवशी ते आबा होते असं तुम्हाला वाटतं का?

त्यांनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "त्यास्ना हात ते कायम थंडागार ऱ्हायेत. हाडं गोठी जायेत मनी." आणि पुढे, "माले काय माहीत, माय. गरम लागनं, म्हनीसन मी मोजा काढा."

डावा पाय झाला होता, त्यांनी उजवा माझ्या मांडीवर ठेवला.